ऐकू आलं की बटण दाबा

तो काचेपलीकडे बसला होता आणि बटण दाबत नव्हता.

माझं काम लोकांचे कान तपासायचं. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात माझी खोली आहे. खोलीच्या आत आणखी एक खोली, खरं तर मोठ्या कपाटाएवढीच. जाड दुहेरी दार, आतून भिंतींना करड्या रंगाचा फोम, एक खुर्ची, एक काच. आलेल्या माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "बारीक आवाज येईल. ऐकू आलं की बटण दाबा." मग बाहेर येऊन मी माझ्या यंत्रावर एकेक सूर हळूहळू बारीक करत नेते. त्या दिवशी एका छापखान्यातले अठरा जण वार्षिक तपासणीला आले होते. हा सतरावा.

मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. एवढा आवाज शेजारच्या खोलीतल्या सिस्टरलाही ऐकू गेला असता. त्याचे डोळे मिटलेले, पाठ ताठ, हात मांडीवर. तिशीतला माणूस आणि दोन्ही कान गेलेले? मी दार उघडून आत गेले आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

त्यानं डोळे उघडले. दचकला मात्र नाही.

"तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी शब्द तोडून तोडून, मोठ्यानं विचारलं.

"ये-येतं की. पण इथं इतकं शां... शां..."

"शांत आहे म्हणून झोप लागली. रात्रपाळी होती का?"

"नाही, झो—"

"झोपला नव्हतात? मग चक्कर आली? नाश्ता केलाय ना?"

तो माझं बोलणं संपायची वाट पाहत राहिला. संपलं तेव्हा म्हणाला, "मी ध्यानाला ब-बसलो होतो."

"इथं?"

"आमच्याकडे पाच मशिनं एकदम चालतात. पाळीच्या आधी कागदाच्या गोदामात रोज दहा मिनिटं बसतो मी. तिथंही घरघर असतेच. आज तुम्ही दार लावलंत आणि एकदम... का-काहीच नाही. राहवलं नाही हो."

"आणि बटण?"

त्यानं हातातल्या बटणाकडे पाहिलं. "हे वि-विसरलोच."

मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. मी तपासणी पुन्हा घेतली. या वेळी त्यानं वेळच्या वेळी बटण दाबलं. वरच्या पट्टीतले आवाज त्याला कमी ऐकू येत होते. मशीनवर काम करणाऱ्यांचं होतं तसं. पण तो थेट पाळीवरून आलेला, कान थकलेले. अशा वेळी सुट्टीनंतर पुन्हा तपासायचं असतं. सोमवारी सकाळी या, असं मी कागदावर लिहून दिलं.

सोमवारी तो आला. बटण वेळच्या वेळी दाबत होता, फक्त डोळे मिटून. ऐकण्याचा आलेख थोडा सुधारला होता, पण थोडाच. मशीनवर असताना कानांवर आवाज रोखणारे जाड मफ लावायचेच, रोज, विसरायचं नाही, असं मी त्याला बजावलं. तो उठला आणि दाराशी थांबला.

"एक वि-विचारू?"

"मफ छापखान्यानंच द्यायचे असतात. चिठ्ठी देते मी."

"ते नाही." त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "त्या दिवसापासून आत्तापर्यंत तुम्ही माझी नऊ वाक्यं पूर्ण केलीत. त्यातली सात चु-चुकली."

"मोजलीत तुम्ही?"

"मोजायची सवय आहे."

"म्हणजे दोन बरोबर आली."

"नाही. तेव्हाही मला दुसरंच म्हणायचं होतं. पण तुमचं जा-जास्त बरं होतं, म्हणून राहू दिलं."

तेव्हा मला हसू आलं नाही. ते आलं संध्याकाळी, बसमध्ये, एकटीच उभी असताना. समोरच्या बाईंनी पर्स छातीशी धरली.

मी घाई करते हे मला नवीन नव्हतं. घरी आई मला 'घाईबाई' म्हणते. पण कुणी मोजलं नव्हतं आजवर. तो पुढच्या आठवड्यात मफ नीट बसतात का ते दाखवायला आला, तेव्हा मीच विषय काढला.

"तुम्ही बसता म्हणजे नक्की काय करता?"

"श्वास सोडला की एक. परत सोडला की दोन. असं दहापर्यंत. मग पुन्हा ए-एकपासून."

"बस्स?"

"बस्स."

"आणि मधेच दुसरं काही मनात आलं तर?"

"येतंच. मग परत एक. स्वतःवर न चि-चिडता."

"याचा फायदा काय?"

त्यानं मफ काढून हातात घेतले. "पहिल्या महिन्यात का-काही नाही," तो म्हणाला.

इतक्या वाईट जाहिरातीवर विश्वास ठेवावासा वाटला, हेच खरं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी माझ्याच त्या कपाटात, काचेपलीकडे, जाऊन बसले. दार लावलं. रोज लोकांना तिथं बसवते, पण स्वतः कधी बसले नव्हते. पूर्ण शांततेत माणसाला आपल्याच कानांतलं रक्त ऐकू येतं, पोट बोलतं ते ऐकू येतं. एक. दोन. गीझर बंद केला का? एक. त्या बाईंचा रिपोर्ट सहीला पाठवायचाय. एक. दोन. तीन. हा माणूस अविवाहित असेल का? एक.

पहिल्या दिवशी मी तीनच्या पुढे गेले नाही. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत गेले आणि आनंदानं 'पाच!' असं मनात ओरडले, त्यामुळे पुन्हा एकवर आले.

छापखानेवाला आता दर दहा-बारा दिवसांनी येऊ लागला. आमचे तपासणीचे फॉर्म त्याच्याच छापखान्यात छापले जातात. ते आणून द्यायचं काम वास्तविक त्यांच्या टेम्पोवाल्याचं. पण हा मशीनवरचा माणूस स्वतः गठ्ठा घेऊन यायचा. काउंटरवर ठेवायचा, मी सही करायची, मग तो म्हणायचा, "कि-कितीपर्यंत?"

"सात."

"वा."

"तुम्ही?"

"आज चार. मशीनचा पट्टा तुटलाय, तोच दिसत होता डोळ्यांपुढं."

मला वाटायचं हा रोज दहापर्यंत सहज जात असेल. पाच वर्षं बसणारा माणूस चारवर अडकतो हे ऐकून मला फार बरं वाटलं. एकदा मी विचारलं, सुरुवात कशी केलीत? तो काउंटरला टेकला. बाहेर पाऊस होता, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या, फॉर्मचा गठ्ठा मात्र प्लास्टिकमध्ये कोरडा.

"अडखळणं जाईल म्हणून. ए-एकानं सांगितलं होतं."

"मग?"

"गेलं नाही. दिसतंय ना तुम्हाला." तो हसला. "पण आधी मी दुकानात जाऊन सा-साबण मागायचो नाही. ज्या वस्तूकडे बोट दाखवता येईल तीच घ्यायचो. फोन वाजला की छातीत धडधडायचं. आता शब्द अडकला की... अडकला. मी तिथंच उभा राहतो. तो येतो हळूहळू."

त्या वेळी मी त्याचं बोलणं एकदाही तोडलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्यालाही कळलं असावं, कारण जाताना त्यानं मान थोडी तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या नजरेचा विचार पुढचे तीन दिवस केला. त्या तीन दिवसांत मोजणी दोनच्या पुढे गेली नाही.

"मॅडम," सिस्टर कागदांच्या कपाटात गठ्ठा कोंबत म्हणाल्या, "आपल्याकडे कान कमी आणि फॉर्म जास्त झालेत."

फायदे काय झाले, असं कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटेल इतके ते लहान होते. आधी रात्री अंथरुणात पडून मी दिवसभरातली भांडणं पुन्हा भांडायची, आणि जिंकायची. आता झोप आधी यायला लागली. डोळ्यांदेखत बस गेली तर गेली. एखादे आजोबा चौथ्यांदा "काय म्हणालात?" असं विचारत, तेव्हा माझा आवाज चढायचा तो चढेनासा झाला. निदान रोज तरी.

एक गोष्ट मात्र लहान नव्हती.

आई आणि मी दोघीच राहतो. रोज संध्याकाळी जेवताना आई दिवसाचा वृत्तांत सांगायला घेते, आणि तो ती फार लांबून सांगायला घेते. "आज मी जिन्यावरून उतरत होते, तर वरच्या बाई—"

"भेटल्या, आणि सुनेबद्दल बोलल्या."

"हो," असं म्हणून आई जेवायला लागायची. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

बसायला लागून दोन महिने झाले असतील. त्या संध्याकाळीही आईनं जिन्यावरूनच सुरुवात केली. "वरच्या बाई—" ती म्हणाली. वाक्याचा शेवट माझ्या जिभेच्या टोकाशी आला, तो आलेला मला दिसला, आणि तो तिथंच राहिला. आईनं सवयीनं थांबून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ती क्षणभर गोंधळली. मग तिनंच पुढे सांगितलं.

"वरच्या बाई रुसल्यात माझ्यावर. त्यांनी हात केला आणि मी न बघता पुढं गेले म्हणे. आता त्या होत्या डावीकडं. डावीकडचं मला दिसलं तर पाहिजे ना."

"म्हणजे?"

"धुकं असल्यासारखं आहे अगं त्या डोळ्यासमोर. चार महिने झाले."

"चार महिने? आणि सांगितलं नाहीस?"

"सांगायला घेतलं होतं," आई शांतपणे म्हणाली. "तीनदा."

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याबरोबर खालच्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागात नेलं. मोतीबिंदू निघाला, चांगलाच पिकलेला. पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यवस्थित झाली. मी लोकांच्या कानांवर पोट भरणारी बाई. त्या दिवशी मी कपाटात बसले ती मोजायला नाही, नुसतीच बसले.

हे सगळं मी छापखानेवाल्याला सांगितलं. बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं तो म्हणेल याची मला खात्री होती. तो म्हणाला, "आईंना आता दि-दिसतं ना नीट?"

मला वाटतं, मी त्याच्या प्रेमात घसरले ती तिथंच.

आणि तरीही जे व्हायचं ते झालंच. एका मंगळवारी आमच्याकडे श्रवणयंत्रांचं शिबिर होतं. बाहेरच्या बाकांवर पन्नासेक म्हातारी माणसं, सगळी मोठ्यानं बोलणारी. तो दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"मला तु-तुम्हाला एक सां... सां..."

"सांगायचंय, हो हो, पण आज बघताय ना गर्दी. फॉर्म तिथं ठेवा, सही नंतर करते."

"फॉर्म ना-नाहीत आज."

तोवर मी पुढच्या आजींना हाक मारली होती. आजींना खुर्चीत बसवून मी काचेतून पाहिलं. तो उभा होता. त्यानं एकदा मान हलवली, जणू मी काहीतरी ठीकच सांगितलं होतं. पुन्हा पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

तीन महिने रोज बसले होते. त्याचं वाक्य तोडायला चार सेकंद लागले.

पुढचा गठ्ठा टेम्पोवाल्यानं आणला. त्याच्या पुढचाही. छापखानेवाले कसे आहेत, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर तो म्हणाला, "आहेत की." सोळा दिवस गेले. मी कपाटात बसत होते. मन शांत वगैरे होत नव्हतं. पण एक झालं. एरवी मी स्वतःला सांगितलं असतं की काम आहे, गर्दी आहे, त्यानंच नीट वेळ बघून यायला हवं होतं. तिथं, त्या करड्या भिंतींमध्ये, असलं काही फार वेळ टिकायचं नाही. श्वास सोडला की एक, आणि लगेच तो दारातला इस्त्रीचा शर्ट. मला तो माणूस हवा होता. इतकं सरळ होतं ते.

"जा ना मॅडम तिकडं," सतराव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या. "फॉर्म संपलेत म्हणून सांगा."

"फॉर्म दोन वर्षं पुरतील."

"म्हणूनच म्हणते. जा."

मी गेले. मफ वापरतात का ते पाहायला आलेय, असं मी छापखान्याच्या फोरमनला सांगितलं. त्यानं आधी माझ्याच कानांवर मफ चढवले आणि मग दार उघडलं. मशिनांचा आवाज ऐकू येण्याऐवजी पायांतून वर चढला. शाईचा आणि रॉकेलसारखा कसलातरी वास. तो अगदी टोकाच्या मशीनवर होता, निळा ॲप्रन घालून, ताजा कागद उजेडाकडे धरून भिंगातून पाहत. मला पाहिल्यावर त्यानं भिंग खाली ठेवलं आणि चिंधीनं हात पुसले. बराच वेळ पुसले.

मी ओरडले, "त्या दिवशी काय सांगायचं होतं?"

त्याला ओठांवरून कळलं असावं. त्यानं श्वास घेतला आणि बोलायला लागला.

आणि तो अडखळला नाही. मला दिसत होतं ते. एरवी शब्द अडला की त्याच्या गळ्याची शीर ताणते, हनुवटी किंचित पुढं येते. तसं काहीही झालं नाही. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येईनासा झाला की अडखळणारी कितीतरी माणसं सरळ बोलतात. हे मी अभ्यासात वाचलं होतं, पाहत पहिल्यांदाच होते. तो मिनिटभर बोलला. सहज, पाण्यासारखं. मधे एकदा हसलाही. शेवटी थांबून माझ्याकडे बघत राहिला.

मी कानांवरच्या मफकडे बोट दाखवलं. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

त्यानं कपाळाला हात लावला. कपाळावर शाई लागली.

आम्ही कागदाच्या गोदामात गेलो. दार लावल्यावर मशिनांची नुसती घरघर उरली. कागदाच्या रिमांवर तो एका बाजूला बसला, मी दुसऱ्या.

"आता सांगा."

"आत्ता इतकं नी-नीट झालं होतं..."

"मला परत हवंय. कसंही."

त्यानं सुरुवात केली. पहिलाच शब्द अडकला. म... म... त्याची शीर ताणली. माझ्या मनात त्या वाक्याचे चार शेवट तयार झाले, त्यातला एक तर फारच सुंदर होता. चारही मी जाऊ दिले. पलीकडं एक मशीन थांबलं, कुणीतरी काहीतरी ओरडलं, मशीन पुन्हा सुरू झालं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा असं मी म्हणणार नाही. पण असं पूर्वी कधी वाटल्याचं मला आठवत नाही.

"म-मला नव्या मशीनचं काम शिकायला दुसऱ्या गावी पाठवतायत," तो म्हणाला. "ए-एक वर्ष. मी हो म्हटलंय. मला जा-जायचंय." त्यानं रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तुम्ही मला आ... आवडता. सांगून जावं की न सांगता, ते कळत नव्हतं. आता सां... सांगितलंय."

माझ्या चार शेवटांपैकी एकातही वर्षभराचं अंतर नव्हतं.

"तुम्ही थां... थांबाल का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्या दिवशी दारात हलवली होती, तशीच. मला धडकी भरली.

"अहो, पुढचं ऐका आधी! वर्षभर हातावर हात ठेवून बसणं मला जमायचं नाही. मी रोज दहा मिनिटं बसते, तेवढं पुष्कळ झालं. तिकडं गाडी किती वाजता असते?"

"स-सहाला. सकाळी."

"रविवारी असते?"

"असते."

"मग रविवारी मी येईन. दर रविवारी. आणि तुम्हीही मला आवडता. हे आधी म्हणायला हवं होतं, क्रम चुकला."

तो हसायला लागला. हसताना त्यानं माझा हात धरला, आणि माझ्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर निळा अंगठा उमटला. रुग्णालयाच्या धोबीखान्यात तो तीनदा धुऊनही निघाला नाही. मी नवा कोट मागितला नाही.

महिन्याअखेरीस तो गेला. पहिल्या रविवारी पहाटे आई म्हणाली, तुझा डबा भरू का, की तिकडंच जेवशील? मी तिला पूर्ण बोलू दिलं. गाडी सुटायची वेळ होत आली तरी तिचं बोलणं चाललं होतं. सहाची गाडी मी धावत पकडली.

चार तासांचा रस्ता. खिडकीपाशी बसून मी डोळे मिटले, मोजून पाहिलं. एक. एक. एक. शेवटी नाद सोडला आणि शेतं बघत बसले.

गाव मोठं नव्हतं. स्टँडवर तीन फलाट, एक चहाचा ठेला, ओला बाक. तो बाकाशेजारी उभा होता. नवा ॲप्रन तसाच अंगात, रविवार असूनही. काढायचा राहिला असावा. मी उतरले तसा तो दोन पावलं पुढं आला आणि थांबला. गेले पाच महिने हा माणूस मला तुम्ही, तुम्हाला, असंच म्हणत आला होता.

"आ... आलीस?"

"आले," मी म्हणाले. "तू कधीपासून उभा आहेस?"